अंतराळातली मुंबईकर : पर्सिस खंबाटा

एक कोडं घालते. टीव्हीवरचा सुपरमॅन ज्या एपिसोडमध्ये पहिल्यांदा तो निळा-लाल ड्रेस घालून उडतो, त्याच एपिसोडमध्ये जगातल्या सगळ्या देशांच्या संघटनेची अध्यक्ष म्हणून एक बाई दिसते. ती बाई मुंबईची. पारशी. एके काळची मिस इंडिया. आणि त्याच्या चौदा वर्षं आधी तिने डोक्याचं पार गुळगुळीत टक्कल करून 'स्टार ट्रेक'चं यान चालवलेलं! सांगा कोण?

आमच्या विंगमध्ये हे कोडं मी अकरा जणींना घातलं. एकीनेही उत्तर दिलं नाही. एकीने ठोकून दिलं, प्रियांका चोप्रा. अगं, तो एपिसोड 1993 चा. तेव्हा प्रियांका चोप्रा शाळेत होती!

उत्तर आहे पर्सिस खंबाटा.

आता आधी एक गोष्ट सांगून टाकते. पर्सिसचा जन्म 2 ऑक्टोबर 1948 चा, म्हणजे ती माझ्या आजीपेक्षाही मोठी. रीतीने मी 'त्या' म्हणायला हवं. पण आपण पडद्यावरच्या माणसांना कुठे अहो-जाहो करतो? मधुबाला ती, स्मिता पाटील ती, तशीच पर्सिस ती. मराठीच्या मॅडम रागावणार नाहीत अशी आशा आहे. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचंही जरा सांभाळून घ्या.)

तर ही मुलगी मुंबईत एका मध्यमवर्गीय पारशी घरात जन्मली. ती दोन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. त्या काळात बाप नसलेलं घर म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. तेरा वर्षांची असताना एका फोटोग्राफरने सहज तिचे फोटो काढले आणि ते एका साबणाच्या जाहिरातीत वापरले गेले. झालं, तिथून मॉडेलिंग सुरू. नववीतल्या मुलीचं वय हो ते! आपण त्या वयात सायन्सची जर्नल्स पूर्ण करत होतो.

1965 साली ती 'फेमिना'ची मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मायामी बीचला मिस युनिव्हर्स स्पर्धेला गेली. आत्तासारखं तेव्हा डिझायनर, ट्रेनर, स्पॉन्सर असलं काही नव्हतं. शेवटच्या क्षणी दुकानातून तयार कपडे घेऊन ही सोळा-सतरा वर्षांची पोरगी तिकडे उभी राहिली. जिंकली नाही. पुढच्याच वर्षी, 1966 मध्ये, रीटा फारिया ही मुंबईचीच मेडिकलची विद्यार्थिनी मिस वर्ल्ड झाली, तेव्हा लोकांना या स्पर्धा म्हणजे काय ते नीट कळलं.

1967 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी पर्सिसला 'बंबई रात की बाहों में' या सिनेमात घेतलं. कॅबरे गाणाऱ्या लिलीची भूमिका. अब्बास म्हणजे ज्यांनी दोन वर्षांनी 'सात हिंदुस्तानी'मधून अमिताभ बच्चनला पहिली संधी दिली, तेच. पण हिंदी सिनेमात पर्सिस रमली नाही आणि हिंदी सिनेमाही तिच्यात रमला नाही. ती मॉडेलिंगसाठी लंडनला गेली.

इथे मला एक गंमत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच 1967 साली, फेब्रुवारीत, अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेचा 'स्पेस सीड' नावाचा भाग लागला. त्यात खान नूनियन सिंग नावाचा खलनायक आहे. नावावरून कळतंच की माणूस आपल्याकडचा, बहुधा शीख. ती भूमिका केली कुणी? रिकार्डो मोंताल्बान या मेक्सिकोच्या नामवंत नटाने! तो तेव्हाच मुरलेला नट होता आणि पाहुणा म्हणून एका भागापुरता आला होता, पण त्याने असं काम केलं की 1982 मध्ये त्याच खानवर अख्खा सिनेमा निघाला. म्हणजे बघा, 1967 मध्ये अंतराळात भारतीय माणूस दाखवायचा तर मेक्सिकन नट लागत होता. आणि बारा वर्षांनी जेव्हा खरीखुरी भारतीय मुलगी त्या यानात चढली, तेव्हा तिला परग्रहावरची करून टाकलं! यावर हसावं की चिडावं मला अजून ठरवता आलेलं नाही.

लंडनहून पर्सिसला 1975 मध्ये दोन इंग्रजी सिनेमे मिळाले, 'कंडक्ट अनबिकमिंग' आणि 'द विल्बी कॉन्स्पिरसी'. दुसऱ्यात सिडनी पॉइटिए आणि मायकल केन अशी बडी मंडळी होती. तरी हे सगळं किरकोळच. खरी गोष्ट 1977 मध्ये सुरू होते, आणि ती प्रत्येक इंजिनिअरिंगच्या पोराने वाचावी अशी आहे, कारण ती एका बंद पडलेल्या प्रोजेक्टची गोष्ट आहे.

मूळची 'स्टार ट्रेक' मालिका 1966 ते 1969 चालली आणि बंद झाली. पण पुन्हापुन्हा दाखवल्यामुळे तिचे चाहते वाढतच गेले. म्हणून 1977 मध्ये पॅरामाउंट कंपनीने ठरवलं की आपण स्वतःचं टीव्ही नेटवर्क काढायचं आणि त्यावर मुख्य आकर्षण म्हणून 'स्टार ट्रेक : फेज टू' ही नवी मालिका आणायची. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरीने नवीन पात्रं लिहिली. त्यातलं एक होतं इलिया, यानाची दिशा सांभाळणारी नॅव्हिगेटर. ती डेल्टन नावाच्या जमातीची. या जमातीतल्या बायकांना डोक्यावर केस नसतात, आणि त्या इतक्या मोहक की यानावर कामाला येताना त्यांना ब्रह्मचर्याची शपथ घ्यावी लागते! (आमच्या रेक्टर मॅडमना ही कल्पना आवडेल.) या भूमिकेसाठी पर्सिसची निवड झाली. सेट उभे राहू लागले, कथा लिहून झाल्या, यानाचं मॉडेल बनायला लागलं... आणि नेटवर्कची योजनाच गुंडाळली गेली.

आपल्याकडे असं झालं की सगळं सामान स्टोअर रूममध्ये जातं आणि पुढच्या बॅचला गंजलेलं सापडतं. तिकडे त्यांनी काय केलं? मालिकेच्या पहिल्या भागाची कथा उचलली आणि तिचाच मोठा सिनेमा करायचं ठरवलं. दिग्दर्शक म्हणून 'द साउंड ऑफ म्युझिक'वाले रॉबर्ट वाइज आले. पात्रांमधली काही गळाली. मालिकेसाठी स्पॉकच्या जागी झॉन नावाचं पात्र होतं आणि त्यासाठी एक तरुण नट घेतला होता. लिओनार्ड निमॉय परत आल्यावर त्या बिचाऱ्याची भूमिका गेली. इलिया मात्र टिकली. 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर'. 7 डिसेंबर 1979 ला प्रदर्शित.

मालिकेसाठी लिहिलेल्या कथांचं काय झालं तेही ऐका. त्यातली इलियावर बेतलेली 'द चाइल्ड' ही कथा तशीच पडून होती. 1988 मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी संप केला, नवीन कथा मिळेनात, तेव्हा 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेने ती कथा बाहेर काढली, नावं बदलली आणि डियाना ट्रॉय या पात्राला दिली. म्हणजे पर्सिससाठी लिहिलेला टीव्हीचा भाग दुसरीच नटी करून गेली. टीव्हीवर इलिया कधी दिसलीच नाही.

आता केसांकडे येते. मुलींनो, नीट वाचा.

आपल्या हॉस्टेलचं बोअरचं पाणी कसं आहे हे मी लिहायला नको. दर रविवारी बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस बघून निम्मी विंग रडकुंडीला येते. कोणी कांद्याचा रस लावतं, कोणी आईने पाठवलेलं जास्वंदीचं तेल. अशा वेळी कुणी येऊन म्हणालं की बाई, अख्खं डोकं वस्तऱ्याने साफ करू या, आणि पाच-सहा महिने रोज साफच ठेवू या, तर? पर्सिस मॉडेल होती. केस हे तिचं भांडवल होतं. रबरी टोपी लावून भागलं नसतं का? पण मोठ्या पडद्यावर ती कळली असती. पर्सिसने डोकं खरोखर भादरून घेतलं. ऑगस्ट 1978 ते जानेवारी 1979 शूटिंग चाललं आणि तोवर ते तसंच ठेवावं लागलं.

सुरुवातीला धीट होती, मग हळूहळू तिला भीती वाटू लागली की केस परत आलेच नाहीत तर? तिने कंपनीकडे केसांचा विमा मागितला. कंपनीने चौकशी केली तर प्रीमियम भलताच निघाला. कारण काय, तर केस पूर्वीसारखेच परत आले की नाही हे सिद्ध कसं करायचं? जरा इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. मोजमाप काय घेणार? घनता? जाडी? चमक? आधीचं रीडिंग कुणाकडे आहे? टेस्ट प्रोसिजरच लिहिता येत नाही, तर क्लेम कसा पास होणार! शेवटी विम्याऐवजी कंपनीने तिच्या डोक्याच्या त्वचेच्या उपचारांचा खर्च उचलला. केस परत आले, हेही सांगून टाकते, नाहीतर जीव टांगणीला लागेल.

हे मी सुट्टीत घरी आजीला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने तिच्या लहानपणी पाहिलेल्या एका लांबच्या म्हातारीची आठवण सांगितली, लाल आलवणातली, डोक्यावरून पदर कधी न ढळू देणारी, कारण पदराखाली केस नव्हते. नवरा गेला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती म्हणे. आपल्या मराठी घरांमध्ये बाईचं टक्कल याचा अर्थ एवढाच होता, केशवपन. आणि ते तिला विचारून होत नसे. या प्रथेविरुद्ध 1890 मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी संप केला, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला! मला वाटतं आपल्या इतिहासाच्या पुस्तकात या संपाला अख्खं पान हवं होतं.

त्या संपानंतर नव्वदेक वर्षांत त्याच मुंबईची एक मुलगी आपण होऊन डोकं भादरून घेते, कामासाठी, पगार घेऊन, आणि जगातल्या पोस्टरवर मान ताठ करून उभी राहते. पर्सिस पारशी होती, तिच्या घरात केशवपनाची प्रथा नव्हती, हे मला माहीत आहे. तरी आजीला हा फोटो मोबाइलवर दाखवला तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, हिला कोणी काही बोललं नाही? बोलले असतीलच, आजी.

सिनेमाबद्दल खरं सांगू? संथ आहे. फार संथ. पहिल्यांदा यान दाखवतात ते इतका वेळ दाखवतात की आमच्या ग्रुपमधले दोघे मॅगी करून परत आले तरी यान संपलं नव्हतं. पण गोष्ट भारी आहे, आणि मी आता ती फोडणार आहे, तेव्हा ज्यांना बघायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

अंतराळातून एक अवाढव्य काहीतरी पृथ्वीकडे येत असतं. वाटेत येईल ते नष्ट करत. त्याचं नाव व्हीजर. ते एंटरप्राइज यानावरून इलियाला उचलून नेतं आणि तिच्या जागी तिच्यासारखंच दिसणारं एक यंत्र पाठवतं, माणसांशी बोलायला. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस. म्हणजे पर्सिस सिनेमात थोडा वेळ माणूस आहे आणि बाकीचा बहुतेक वेळ स्वतःच्याच चेहऱ्याचं यंत्र. शेवटी कळतं की व्हीजर म्हणजे 'व्हॉयेजर 6', माणसानेच सोडलेलं यान, नावातली मधली तीन अक्षरं मळाने झाकलेली! ते आपल्या निर्मात्याला शोधत परत आलेलं असतं.

लोक म्हणतात या भूमिकेत अभिनयाला वाव नव्हता. मला पटत नाही. यंत्र करून बघा एकदा! डोळे न हलवता, आवाज न चढवता उभं राहायचं, आणि तरी मधेच एखाद्या क्षणी आतली बाई जागी होतेय असं वाटायला लावायचं. गॅदरिंगच्या नाटकात मी रोबो केला होता, त्यामुळे हे मी अधिकाराने बोलते. तिला या कामासाठी सॅटर्न पुरस्काराचं नामांकन मिळालं, ते काही फुकट नाही. सिनेमाला खर्च बेसुमार झाला, साडेचार कोटी डॉलरच्या आसपास, पण कमाईही दणकून झाली.

खरी व्हॉयेजर यानं दोनच. दोन्ही 1977 ची, पर्सिसची निवड झाली त्याच वर्षाची. 20 ऑगस्टला व्हॉयेजर 2 सुटलं आणि 5 सप्टेंबरला व्हॉयेजर 1. दोघांवरही सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यात 55 भाषांमधले नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे, बरं का! आणि पर्सिसच्या घरची गुजरातीसुद्धा आहे. व्हॉयेजर 1 आज 2500 कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे, आणि आपली मराठी तिथे आहे. आपल्या जवाहरनगरात फॉर्म भरताना मातृभाषेच्या रकान्यापाशी अडखळणाऱ्या माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना हे वाचून जरा बरं वाटतं.

1980 च्या ऑस्कर समारंभात पर्सिसने मंचावर जाऊन पुरस्कार दिला. असं करणारी ती पहिली भारतीय. आज दीपिका पदुकोण ऑस्करला गेली की आपण दिवसभर स्टेटस ठेवतो, तेव्हा मोबाइल नव्हते, आणि मुंबईच्या या मुलीची गोष्ट तिथल्या तिथे जिरली.

इथपर्यंत सगळं वर वर जाणारं आहे. पुढचं मी भराभर सांगते, कारण ते सगळं खाली येणारं आहे. त्याच 1980 साली जर्मनीत तिच्या गाडीला मोठा अपघात झाला. जबर जखमी झाली. डोक्यावर भला मोठा व्रण राहिला. ज्या डोक्याने तिला जगभर ओळख दिली, तिथेच! 1981 मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनबरोबर 'नाइटहॉक्स' आला, त्यात ती दहशतवादी. 1982 चा 'मेगाफोर्स' सपाटून पडला. आणि 1983 मध्ये तिची हृदयाची बायपास झाली. वय किती? पस्तीसही नाही.

माझ्या बाबांची बायपास दोन वर्षांपूर्वी झाली. ते गोंदियाला एका राइस मिलमध्ये सुपरवायझर होते. ऑपरेशननंतर मालकांनी त्यांना गेटजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. पगार तोच, जिने चढणं नाही, धूळ नाही. चांगल्या मनानेच केलं त्यांनी. पण बाबा घरी आले की गप्प असतात. पूर्वी अख्खी मिल माझ्यावर चालायची, आता मी ट्रकचे आकडे लिहितो, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतात. आई विषय बदलते. मी पर्सिसबद्दल वाचायला लागले ते सायन्स फिक्शनच्या आवडीने, पण 1983 च्या पुढे माझं वाचणं बदललं. मला बघायचं होतं की बायपासनंतर ही बाई काय करते.

तर ती काम करते. मोठं मिळत नाही, मिळेल ते करते. 'वॉरियर ऑफ द लॉस्ट वर्ल्ड' नावाचा स्वस्तातला सिनेमा करते. मग मुंबईला परत येते आणि 1986 च्या सुमारास 'शिंगोरा' या हिंदी टीव्ही मालिकेत दिसते. पुन्हा अमेरिकेला जाऊन 'मॅकगायव्हर'सारख्या मालिकांमध्ये एकेका भागापुरती पाहुणी म्हणून येते. मॅकगायव्हर म्हणजे तोच, जो च्युइंगम आणि पेपरक्लिपवर बॉम्ब निकामी करतो, आपल्या सगळ्या वर्कशॉपचं दैवत!

आणि मग 12 सप्टेंबर 1993. एबीसी या अमेरिकी वाहिनीवर 'लोइस अँड क्लार्क : द न्यू ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' या मालिकेचा दोन तासांचा पहिला भाग. डीन केन सुपरमॅन, टेरी हॅचर लोइस. कथेत 'प्रॉमिथियस' नावाचं एक अंतराळस्थानक सगळ्या देशांनी मिळून उभारायचं असतं. लेक्स लूथरला ते नको असतं, त्याला स्वतःचं स्थानक विकायचं असतं. तो घातपात घडवून आणतो, एक यान सुटतानाच फुटतं, माणसं मरतात. पुढच्या यानातही बॉम्ब असतो, तो आपला क्लार्क चक्क गिळून टाकतो. (बालिश आहे, पण मी टाळ्या वाजवल्या.)

या सगळ्यात देशांच्या काँग्रेसची अध्यक्ष म्हणून पर्सिस येते. भूमिका छोटी. प्रॉमिथियस मोहिमेच्या बाजूने उभी असलेली, जगाशी अधिकाराने बोलणारी बाई. डोक्यावर केस आहेत. तिथे ती परग्रहावरची नाही, यंत्र नाही, दहशतवादी नाही, कॅबरे गायिका नाही. हॉलिवूडच्या कपड्यांच्या कपाटातून तिला जे जे काढून दिलं होतं त्यातलं काहीच अंगावर नाही. ती पृथ्वीवरची एक जबाबदार बाई आहे, अख्ख्या जगाच्या वतीने बोलणारी. 1993 साली अमेरिकेच्या टीव्हीवर हे काम एका मुंबईच्या बाईकडे आलं होतं.

यान फुटण्याचा तो प्रसंग मी नीट बघू शकले नाही, हेही लिहिते. आपण इथे जवाहरनगरात राहतो. 24 जानेवारी 2025 च्या सकाळी आयुध निर्माणीतला तो आवाज ज्यांनी ऐकला, ज्यांच्या ओळखीच्या घरातला माणूस त्या दिवशी ड्यूटीवरून परत आला नाही, त्यांना पडद्यावरचा स्फोट आता पूर्वीसारखा बघता येत नाही. मालिकेत पुढच्या दृश्याला लोक सावरलेले असतात. ठाणा पेट्रोल पंपापासून वसाहतीपर्यंत त्या आठवड्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

हे काम पर्सिसचं पडद्यावरचं जवळजवळ अखेरचं ठरलं. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथे उतरती कळा असा शब्द वापरतात. 1979 ला सिनेमाच्या पोस्टरवर, 1993 ला एका भागापुरती पाहुणी, म्हणजे घसरण. हिशेब सोपा आहे. मला तो मान्य नाही. डोक्यावर व्रण, छातीवर टाके, चाळिशी पार, आणि तरी सकाळी मेकअपला बसून, संवाद पाठ करून, कॅमेऱ्यासमोर जगाची अध्यक्ष म्हणून ताठ उभं राहायचं! वजनकाट्यावरचा माणूस चुकला तर अख्ख्या मिलचा हिशेब चुकतो, हे मी बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले काहीच नाहीत, पण पर्सिसचा तो भाग मात्र माझ्याबरोबर पूर्ण बघितला. सुपरमॅन बॉम्ब गिळतो तिथे हसलेही.

1997 मध्ये पर्सिसने 'प्राइड ऑफ इंडिया' हे पुस्तक काढलं, आत्तापर्यंतच्या मिस इंडियांवर. सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय 1994 ला जिंकून आल्या होत्या, देशभर सौंदर्यस्पर्धांचं वारं होतं, आणि ही बाई मागे वळून आधीच्या मुलींची नावं गोळा करत होती. पुस्तक मदर तेरेसांना अर्पण केलं, मानधनातला काही भाग त्यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीला दिला.

पुढच्या वर्षी मुंबईतच छातीत दुखायला लागलं म्हणून तिला दक्षिण मुंबईतल्या एका रुग्णालयात नेलं. 18 ऑगस्ट 1998 ला हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. वय 49. पन्नासाव्या वाढदिवसाला दीड महिना राहिला होता. बातम्यांमध्ये मिस इंडिया आणि टक्कलवाली इलिया हे दोन्ही आलं. त्या जगाच्या अध्यक्षबाई फारशा कुणाला आठवल्या नाहीत.

रॉबर्ट वाइज यांनी 2001 मध्ये तो संथ सिनेमा पुन्हा एडिट केला आणि 2022 मध्ये त्याची स्वच्छ केलेली नवी प्रत आली. तीच बघा, जुनी नको. आणि 'प्राइड ऑफ इंडिया' आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत नाही, मी विचारलं. भंडाऱ्यात मिळालं नाही, नागपूरला सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे दोन चकरा झाल्या. कुणाच्या घरी, मावशीच्या कपाटात, रद्दीत सापडलं तर गर्ल्स हॉस्टेलला निरोप ठेवा. वाचून परत देईन, कव्हर घालून.